दहाचा शेअर, एक रुपया

१९८८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक वेगळाच प्रश्न आला. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज लिमिटेड या कंपनीचा १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर १ रुपयाला सोडून द्या, असं जुन्या भागधारकांना सांगता येईल का? शेअर घेणारे बाहेरचे कोणी धनाढ्य नव्हते. त्याच कारखान्यातले कामगार होते. खटला कायद्याच्या पुस्तकांत ‘नवनीत आर. कमानी विरुद्ध आर. आर. कमानी’ या नावानं नोंदलेला आहे. दोन्ही बाजूंना एकच आडनाव. ज्यांच्या चुलीचा निकाल त्या दिवशी लागणार होता, त्या सुमारे ६०० कामगारांचा शीर्षकात मागमूसही नाही.

कर्मचाऱ्यांच्या शेअरचा भारतातला इतिहास बहुतेक वेळा बंगळुरूच्या संगणक कंपन्यांपासून सांगितला जातो. शिपायापर्यंत शेअर पोचले, ड्रायव्हर लखपती झाले, वगैरे. ती गोष्ट खोटी नाही, आणि तिच्याकडेही आपण येऊ. पण कायद्याच्या अंगानं पाहिलं तर त्याआधीची, अवघड आणि मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट लाल बहादूर शास्त्री मार्गावर, आज बसचा कंडक्टर ‘कमानी’ म्हणून ज्या थांब्याचं नाव पुकारतो, त्या परिसरात घडली.

रामजीभाई हंसराज कमानी यांनी उभ्या केलेल्या उद्योगसमूहाचा एकेकाळी मोठा दबदबा होता. दिल्लीचं कमानी ऑडिटोरियम याच घराण्याच्या नावाचं. विजेच्या उच्चदाब तारा वाहून नेणारे मनोरे बनवणारी कमानी इंजिनिअरिंग ही त्यांची आणखी एक कंपनी. ती १९८२ साली आर. पी. गोएंका समूहाकडे गेली. कमानी ट्यूब्जचं काम तांब्या-पितळेच्या नळ्यांचं. अशा नळ्या वीजकेंद्रांच्या कंडेन्सरमध्ये लागतात, साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या पात्रांत लागतात. म्हणजे माल असा, की महाराष्ट्रात त्याला गिऱ्हाईक नाही असं म्हणायची सोय नव्हती.

नळी कशी बनते हे थोडं सांगायला हवं, कारण पुढे कामगारांनी कशाची जबाबदारी घेतली ते त्याशिवाय कळणार नाही. धातू वितळवून त्याची जाड कांडी ओततात. ती लालबुंद तापवून प्रचंड दाबाच्या प्रेसमधून पोकळ नळी म्हणून बाहेर काढतात. मग ती गार नळी डायमधून पुन्हा पुन्हा ओढून बारीक करायची. प्रत्येक ओढीत धातू कडक होतो, तडकायला येतो. म्हणून दोन ओढींच्या मध्ये भट्टीत घालून त्याला मऊ करायचं, आम्लात धुवायचं, पुन्हा ओढायचं. किती ओढीनंतर थांबायचं हे वहीत लिहिलेलं असतं, पण हाताला आधी कळतं. या सगळ्याला वीज अखंड लागते आणि तांबं रोखीनं लागतं. कमानी ट्यूब्जमध्ये दोन्ही आटत गेलं. संस्थापकाच्या पश्चात घराण्यात भांडणं लागली होती, कंपनीवर ताबा कुणाचा यावर दावे-प्रतिदावे चालू होते. देणी तुंबली, आणि १९८५ साली कारखाना बंद पडला.

मुंबईच्या कामगाराला बंद गेट म्हणजे काय ते तेव्हा नव्यानं सांगायला नको होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानं सुमारे अडीच लाख घरांचं काय केलं ते सगळ्या शहरानं पाहिलं होतं. कुर्ल्याच्या या कामगारांना मालकाविरुद्ध लढायचं म्हटलं तरी मालक नक्की कोण हेच कोर्टात अडकलेलं होतं.

कायद्याकडे वळलं की चित्र आणखी उदास होतं. १९५६च्या कंपनी कायद्याच्या नजरेत कंपनी ही तिच्या सभासदांची, म्हणजे भागधारकांची. कामगार हा बाहेरचा, करारानं बांधलेला माणूस. त्याच्या हाती शेअर जाण्याचा विचार या जाडजूड कायद्यात प्रामुख्यानं एकाच जागी होता, आणि तोही एका मनाईला जोडलेला अपवाद म्हणून. ७७वं कलम सांगायचं की सार्वजनिक कंपनीनं स्वतःचे शेअर घ्यायला कुणालाही पैशाची मदत करायची नाही. मनाई रास्त होती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात लोक कर्ज काढून कंपन्या ताब्यात घेत आणि मग त्याच कंपनीच्या तिजोरीतून ते कर्ज फेडत. ग्रीन समितीनं त्यावर बोट ठेवलं आणि १९२९च्या इंग्रजी कायद्यात बंदी आली. तिथून ती आपल्याकडे आली, सोबत तिचे अपवादही आले. एक अपवाद असा की कर्मचाऱ्यांच्या हितासाठी नेमलेल्या विश्वस्तांना शेअर घ्यायला कंपनी पैसे देऊ शकते. दुसरा असा की संचालक आणि मॅनेजर सोडून बाकी कर्मचाऱ्यांना कंपनी त्यासाठी कर्ज देऊ शकते, पण सहा महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त नाही.

सहा महिन्यांचा पगार. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कर्मचाऱ्याचा शेअर म्हणजे काय होतं, ते या आकड्यात दिसतं. प्रामाणिकपणाची बक्षिसी, मालकाशी जुळलेल्या गोडीची खूण. कामगार सगळी कंपनीच विकत घेईल ही कल्पना त्या कलमाच्या आसपासही फिरकलेली नव्हती. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यामुळे शेतकऱ्याला शेअर हा शब्द घरातला झाला होता. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी ऊस पिकवणाऱ्याला कारखान्याचा मालक केलं होतं. पण तो ऊसवाला. त्याच कारखान्यात बॉयलरवर उभा राहणारा मात्र पगारी नोकरच राहिला होता.

कामगाराला कंपनीच्या कोर्टात नुसतं तोंड उघडायची मुभा मिळाली तीही १९८२च्या डिसेंबरात. कोइमतूरच्या रामकृष्ण इंडस्ट्रीजमध्ये असंच घराण्यातलं भांडण होतं आणि एका गटानं कंपनी गुंडाळण्याचा अर्ज केला होता. कामगार संघटना म्हणाली, आमचंही ऐका. उच्च न्यायालयानं ऐकलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे प्रकरण गेलं आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कामगार जिंकले. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाचा रोख असा की कंपनी ही एकट्या भांडवलदाराची मालमत्ता आहे हे जुनं मत आता टिकत नाही. पैसा घालणारा जितका तिचा, तितकाच घाम गाळणाराही तिचा. राज्यघटनेत १९७६ साली आलेल्या ४३-अ या अनुच्छेदानं व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं उद्दिष्ट घातलेलं होतंच. तरी निकालातून पदरात पडलं ते एवढंच: कंपनी मोडायला निघाली की कामगार उभा राहून बाजू मांडू शकतो. अर्ज त्याला करता येत नव्हता. आणि कंपनी त्याची झाली असं तर मुळीच नव्हतं.

१९८५ साली दोन कायदे एकामागून एक आले. कंपनी कायद्यात ५२९-अ हे नवं कलम घालण्यात आलं. कंपनी बुडाली तर कामगारांची थकबाकी, म्हणजे पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई, ही तारण घेऊन बसलेल्या बँकेच्या बरोबरीनं, रांगेच्या पुढच्या टोकाला उभी राहील, असं त्यानं ठरवलं. हे फार मोठं पाऊल होतं. त्याआधी बँक आपला वाटा आधी उचलून न्यायची आणि कामगारासाठी बहुधा काही उरायचंच नाही.

दुसरा कायदा आजारी उद्योगांचा. तिवारी समितीच्या शिफारशींवर बेतलेला. सात वर्षं जुनी कंपनी, साठलेला तोटा भांडवल आणि गंगाजळी गिळून बसलेला, आणि लागोपाठ दोन वर्षं रोखीचा तोटा. असं झालं की कंपनी आजारी ठरायची आणि औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे, म्हणजे सगळे ज्याला बीआयएफआर म्हणायचे त्याच्याकडे जायची. मंडळाचं काम १९८७च्या मे महिन्यात सुरू झालं. कायद्याच्या ३२व्या कलमानं मंडळाच्या योजनेला विलक्षण ताकद दिली होती: परकीय चलन आणि शहरी जमीन कमाल धारणा हे दोन कायदे वगळता इतर कुठलाही कायदा तिच्या आड येऊ शकत नव्हता. एरवी भागभांडवल घटवायचं तर विशेष ठराव हवा, न्यायालयाची संमती हवी. ज्याचे शेअर घटणार त्यानंच मत द्यायचं. इथं मंडळानं योजना मंजूर केली की झालं.

कमानीच्या कामगारांनी या खिडकीतून आत पाहिलं. कमानी एम्प्लॉईज युनियनमधले डी. थँकप्पन आणि त्यांचे सहकारी यांनी मागणी केली ती नव्या मालकाची नव्हती. त्यांनी मंडळापुढे आपली योजनाच ठेवली: कारखाना आम्ही चालवतो. यंत्रं कोणती चालतील, माल किती निघेल, बँकेचं देणं कसं फिटेल, याचा हिशेब मांडला. कामगारांची सहकारी संस्था काढायची, तिनं कंपनीचे शेअर घ्यायचे, कंपनी कंपनीच राहील. पगारात कपात कामगारांनी स्वतःहून पत्करली.

ही रचना कायद्याच्या दृष्टीनं फार विचारपूर्वक केलेली होती. कंपनीत एका शेअरला एक मत. ज्याच्याकडे जास्त शेअर त्याचा शब्द जड. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. निव्वळ कंपनीच्या वाटेनं गेलं असतं तर चार वर्षांत गरजेपोटी कामगारांनी शेअर विकले असते आणि ते पुन्हा कुणा एकाच्या मुठीत गेले असते. निव्वळ सहकाराच्या वाटेनं गेलं असतं तर चालू कंपनीची देणी-घेणी, परवाने, करार या सगळ्याचा गुंता उकलण्यातच वर्षं गेली असती. सहकारी संस्था हातात शेअर घेऊन कंपनीच्या सभेत बसली, म्हणजे बाहेर भांडवलाचा नियम आणि आत माणसाचा. दोन कायदे एकमेकांत असे गुंफायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते पुस्तकातही नव्हतं.

मंडळानं १९८८ साली योजना मंजूर केली. जुन्या भागधारकांपैकी काहींची तक्रार साधी होती: १० रुपयांच्या शेअरचा १ रुपया कसा? सर्वोच्च न्यायालयाचं उत्तरही साधंच होतं. कंपनीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त आहेत. उद्या ती मोडली तर भागधारकाच्या हाती काहीच येणार नाही. ज्या कागदाची खरी किंमत शून्याच्याही खाली आहे, त्याला १ रुपया मिळत असेल तर अन्याय कुठं झाला? कारखाना जगवण्यासाठी कामगार स्वतःच्या पगारावर पाणी सोडत असताना भागधारकांनी दर्शनी किमतीला चिकटून बसावं हे न्यायालयाला पटलं नाही. हा प्रयोग अभूतपूर्व आहे आणि तो करू दिला पाहिजे, असा निकालाचा सूर होता.

या क्षणापाशी थांबून कामगाराच्या खिशाकडे पाहायला हवं. निकालाच्या कौतुकात ही बाजू नेहमी सुटते. एका ओढकाम करणाऱ्या कामगाराचे पाच हजार रुपये कंपनीकडे येणं आहेत असं धरू. ५२९-अ कलमानं ते पैसे रांगेत पहिले, बँकेच्या खांद्याला खांदा लावून. आता हाच कामगार कपात सोसतो, रक्कम सोडतो आणि बदल्यात शेअर घेतो. त्याच क्षणी ते पाच हजार रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात. कारण कंपनी बुडाली तर भागधारकाला सगळ्यात शेवटी मिळतं, म्हणजे बहुधा मिळतच नाही. कायद्यानं एका हातानं दिलेलं संरक्षण कामगार मालक होताना दुसऱ्या हातानं परत करतो. भागधारक म्हणून तो कंपनीच्या नशिबाला बांधला जातो आणि कामगार म्हणूनही त्याच नशिबाला बांधलेला असतो. बाजारात पैसे गुंतवणारा चार कंपन्यांत विभागून ठेवतो. याचा पगार, पीएफ आणि शेअर सगळं एकाच गेटच्या आत.

कायद्याला ही गोष्ट त्या वेळी दिसली नाही, आणि पुढेही कधी नीट दिसली नाही. मालक झालेल्या कामगाराची बुडीत रक्कम निदान काही अंशी पगाराच्याच रांगेत धरावी, अशी एखादी तरतूद करणं अशक्य नव्हतं. ती झाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तरीही १९८९ साली भट्ट्या पेटल्या. बंद पडलेल्या कारखान्यात तीन-चार वर्षांनी शिरणं म्हणजे काय याची कल्पना करा: गंजलेले रूळ, भट्टीच्या आतल्या विटा निखळलेल्या, मोटरींत ओल. कामगारांनी यंत्रं आधी साफ केली आणि मग चालवली. संचालक मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी आले, बाहेरचे व्यावसायिक तज्ज्ञ आले. पहिली काही वर्षं उत्पादन वाढलं, कंपनीनं नफाही दाखवला. कामगार कारखाना चालवूच शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना नळ्या भरलेले ट्रक गेटमधून बाहेर जाताना पाहावे लागले.

युनियनपुढे आता असा पेच होता, ज्याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नव्हतं. पगारवाढ मागायची कुणाकडे? जे टेबलाच्या एका बाजूला बसायचे त्यांनाच आता दुसऱ्या बाजूचीही खुर्ची सांभाळायची होती. औद्योगिक विवाद कायदा मालक आणि कामगार ही दोन वेगळी माणसं आहेत असं धरून लिहिलेला. कंपनी कायदा संचालकाकडून अपेक्षा करतो की त्यानं सगळ्या कंपनीचं हित पाहावं, आपल्याला निवडून देणाऱ्यांचं नव्हे. पाळी संपवून संध्याकाळी संचालक मंडळाच्या बैठकीला जाणाऱ्या माणसाला या दोन्ही कायद्यांचं ओझं एकाच वेळी वाहावं लागलं.

कारखान्याला शेवटी घेरलं ते खेळत्या भांडवलानं. तांबं महाग, ते आधी रोखीनं घ्यायचं, गिऱ्हाईकाकडून पैसे नंतर यायचे. मधला काळ बँकेनं भरून काढायचा. ज्याच्याकडे तारण नाही, घराण्याचं नाव नाही, अशा मालकाला बँक हात आखडता घेते. १९९१ नंतर आयातीची दारं उघडली, स्पर्धा वाढली, आणि यंत्रं जुनीच राहिली. नव्वदच्या दशकात पुढे तोटा परतला आणि कारखाना पुन्हा घसरणीला लागला. त्यातून तो सावरला नाही. शहर चहूबाजूंनी बदलत होतं, कुर्ल्यातल्या जमिनीला नळ्यांपेक्षा जास्त भाव आला होता. बंगालमध्ये न्यू सेंट्रल ज्यूट मिल्सच्या कामगारांनीही त्याच सुमारास मंडळाच्या योजनेतून मालकी घेतली होती, आणि तिथंही वाट सोपी नव्हती.

कमानीनंतर कायद्यात एक बदल मात्र झाला, आणि त्याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. १९९४च्या सुधारणेनं आजारी उद्योगांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की योजनेत कंपनीचे शेअर सवलतीच्या किमतीला कर्मचाऱ्यांना देता येतील, आणि उद्योग विकायचा झाला तर तो कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेलाही विकता येईल. कुर्ल्यात जे धडपडून, कोर्टात झगडून मिळवलं होतं ते आता कलमात छापलेलं होतं. कामगाराच्या मालकीला भारतीय कायद्यात स्वतःचं वाक्य मिळालं.

त्याच १९९४ साली बंगळुरूत इन्फोसिसनं आपली कर्मचारी शेअर योजना आणली. इन्फोसिसची नोंदणी १९८१ साली पुण्यात झाली होती. १९९३ साली तिचे शेअर बाजारात आले. योजनेची घडण पाहिली की १९५६च्या त्या जुन्या अपवादाची आठवण येते. कंपनीनं कर्मचारी कल्याण ट्रस्ट स्थापन केला, त्याला कर्ज दिलं, ट्रस्टनं १ रुपयाला एक याप्रमाणे वॉरंट घेतले आणि पाच वर्षांच्या काळात ते निवडक कर्मचाऱ्यांना दिले. ज्याला वॉरंट मिळालं तो १०० रुपये भरून एक शेअर घेऊ शकत होता, पण पाच वर्षं नोकरीत टिकलं तरच तो पक्का त्याचा. कंपनीनं कर्ज द्यायचं, विश्वस्तांनी धरायचं, कर्मचाऱ्यानं घ्यायचं. इंग्रजी कायद्यातून आलेली, मालकाच्या मेहेरबानीसाठी ठेवलेली ती छोटी वाट अशी हमरस्ता बनली.

इथंही १ रुपया होता, हे मला लक्षात ठेवावंसं वाटतं. कुर्ल्यात १ रुपया जुन्या मालकाला मिळाला आणि कामगारानं जोखीम घेतली. बंगळुरूत कर्मचाऱ्याला हक्क मिळाला, आणि शेअरचा भाव पडला तर त्यानं तो वापरू नये एवढंच. त्याचा पगार चालू. दोन्ही शेअरच. पण एकाच्या मागे पगाराची कपात होती आणि दुसऱ्याच्या मागे पगाराची भर.

कायदा दुसऱ्याच्या मागे झपाट्यानं धावला. १९९८च्या अध्यादेशानं आणि पुढे १९९९च्या सुधारणेनं ७९-अ कलम आलं, मेहनतीच्या बदल्यात सवलतीत शेअर देण्याचं. प्रा. जे. आर. वर्मा समितीच्या अहवालावरून सेबीनं १९९९ साली कर्मचारी शेअर योजनांचे नियम आणले: भागधारकांचा विशेष ठराव हवा, हक्क दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावं, प्रवर्तकाला आणि १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या संचालकाला योजनेत जागा नाही, एका माणसाला भांडवलाच्या १ टक्का किंवा जास्त द्यायचं तर त्याच्यासाठी वेगळा ठराव. २०१३च्या कंपनी कायद्यात ६२व्या कलमात कर्मचाऱ्यांच्या शेअरला थेट जागा मिळाली आणि २०१४च्या नियमांतल्या १२व्या नियमानं बारीकसारीक सगळं बांधून दिलं. हक्क कुणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. नोकरी सोडली तर न पिकलेला हक्क गेला. नोकरीत मृत्यू आला तर सगळे हक्क त्या दिवशी वारसांकडे जातात. पुढे स्टार्टअपच्या संस्थापकांना सुरुवातीची काही वर्षं या योजनेत बसायची सूट मिळाली, २०२० साली पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना कर लगेच न भरता पुढे ढकलण्याची सोय झाली, २०२१ साली सेबीनं ‘कायम’ कर्मचारी ही अट काढून टाकली. इतकी काळजी घेतलेला दुसरा कर्मचारी-शेअर आपल्या कायद्यात सापडणार नाही. तो वाईट नाही. नियम चांगले आहेत, आणि त्यांनी हजारो मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या शिक्षणाचा आणि डोक्यावरच्या छपराचा प्रश्न सोडवला.

दरम्यान पहिला शेअर मात्र निराधार झाला. आजारी उद्योगांचा कायदा रद्द करण्याचं २००३ सालीच ठरलं होतं. अंमल झाला १ डिसेंबर २०१६ला. त्याबरोबर बीआयएफआर गेलं, ३२वं कलम गेलं आणि १९९४ साली लिहिलेलं ते वाक्यही गेलं. दिवाळखोरी संहितेत कामगाराच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणवाल्या बँकेच्या बरोबरीची जागा ठेवलेली आहे. ५२९-अ चा वारसा तेवढा टिकला. पण कंपनी कुणाच्या हाती जायची हे धनको समिती ठरवते. तिथं मत बँकांचं आणि वित्तीय धनकोंचं, आणि बोली लावणाऱ्याची पात्रता, त्याची ऐपत हीच समिती ठरवते. कपात केलेल्या पगाराखेरीज हाती काही नसलेली ६०० माणसं या चाळणीतून कशी जाणार? कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेचा उल्लेख करणारं वाक्य नव्या संहितेत आलं नाही.

२०१९च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कानपूरच्या जुग्गीलाल कमलापत ज्यूट मिलच्या खटल्यात ठरवलं की कामगार संघटना आपल्या सभासदांच्या थकबाकीसाठी स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करू शकते. १९८२ साली ज्यांना नुसतं बोलू दिलं होतं त्यांना आता दार ठोठावता येतं. दार उघडून प्रक्रिया सुरू झाली की पुढे धनको समितीची बैठक बसते. कामगारांची थकबाकी एकूण कर्जाच्या १० टक्के भरत असेल तर त्यांच्या प्रतिनिधीला त्या बैठकीत बसता येतं. मत देता येत नाही.